जावेच्या पोरीची गुटी

माझा मुलगा आणि धाकट्या जावेची मुलगी एकाच महिन्यातली. तिसऱ्या महिन्यात आम्ही दोघी माहेराहून किकवीला आलो आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. तिची पोर गुटगुटीत, दंडाला वळ्या पडलेली. माझा अंगानं बारीक. बघायला येणारी प्रत्येक बाई आधी तिच्या पोरीला उचलायची, मग उपकार केल्यासारखा माझ्याकडे हात करायची.

भोरच्या बालरोगतज्ज्ञांनी मला सांगितलं होतं, सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको, गुटी तर नकोच. मी बी.एस्सी. झालेली, त्यामुळे हे सगळ्या घराला पढवलं. सासूबाई म्हणाल्या, "आमची पोरं काय मेली का गुटीनं?" जाऊ वेल्ह्याकडची, दहावी शिकलेली, ती काहीच बोलली नाही. रोज अंघोळीनंतर सासूबाई सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, हळकुंड उगाळायच्या आणि ही मुकाट वाटी घेऊन पोरीपाशी आत जायची. पोर बाळसं धरत होती. सासूबाई गावभर गुटीचे गोडवे गात होत्या.

लशीच्या वेळी डॉक्टरांनी कार्डावर बोट ठेवून दाखवलं, वजन नीट वाढतंय, चणच बारीक आहे. दवाखान्यात मला ते पटलं. घरी आले, समोर ती पोर हातपाय झाडत पडलेली, आणि माझा नुसता जळफळाट. मग एकदा घरात कुणी नाही बघून मीच सहाण काढली. किती वेढे घ्यायचे ते ठाऊक नव्हतं. अंदाजानं उगाळलं, पाण्यात कालवलं आणि पोराला पाजलं. असं चार दिवस, चोरून.

पाचव्या दिवशी त्याला जुलाब लागले. डॉक्टरांनी विचारलं, "वरचं काही दिलंय?" मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा नवऱ्यासमोर खरं सांगावं लागलं. डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. औषध दिलं आणि म्हणाले, अंगावर पाजत राहा.

घरी आल्यावर जावेनं पोराला माझ्याकडून घेतलं. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "तुझ्या पोरीला बरी सोसते गुटी."

तिनं सासूबाई परड्यात आहेत ना ते पाहिलं. "तिला कुठं देते, ताई? आत नेऊन म्याच चाटती. आत्याबाईंचं मन मोडवत न्हाई."

"मग देऊ नको म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की. डॉक्टर सांगत्यात ते खरं, आसं तुमीच म्हणला हुता."

मुलगा दोन दिवसांत बरा झाला. मला मात्र त्या दिवसापासून तिच्या पोरीचा नाही, तिचाच हेवा वाटायला लागला. माझ्या शब्दावर तिनं ठेवला तेवढा विश्वास मला ठेवता आला नव्हता.