काकूंची वाटी

"आधी शून्य बघा, ताई."

काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आल्याशिवाय काका मैद्याच्या डब्याला हात लावत नसत. बिबवेवाडीत आमच्या समोरच्याच घरात राहायचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्मभर वजनं करून निवृत्त झालेला माणूस. चहाची साखरसुद्धा तोलायचे. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. मी घरी केक करून विकते, आणि माझा अंदाजपंचे कारभार बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"तुम्ही आमच्या खात्यात असता," एकदा म्हणाले, "तर खडकी उरली नसती."

केकचा नाद मात्र त्यांना हौसेने लागला नव्हता. काकूंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली आणि अन्नावरची वासनाच उडाली. त्या पूर्वी दर रविवारी एक साधा, घट्ट केक करायच्या. तो मिळाला तर चार घास खातील, एवढीच काकांची आशा. कृती कुठे लिहिलेली नव्हती. मैदा एक वाटी, एवढं त्यांना माहीत.

वाटी काकूंचीच, पोचा आलेली. काका चमच्याने मैदा भरायचे, सुरीने सपाट करायचे. एकशे वीस ग्रॅम, कधीही मोजा. केक छान फुलायचा आणि काकू तोंड फिरवायच्या. असं सात वेळा झालं.

"माझं वजन बरोबर आहे हो," ते भिंतीकडे बघत म्हणायचे. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी मीच म्हटलं, "अहो काका, त्यांनाच भरू द्या की."

काकूंच्या धड डाव्या हातात वाटी दिली, डबा समोर धरला. त्यांनी वाटी मैद्यात खुपसली, अंगठ्याने दाबली, वर आणखी मैदा घेतला, पुन्हा दाबला. एकशे साठ भरले.

"चाळीस वर्षं मी हिच्या अंदाजाला हसलो," काका म्हणाले.

त्या दिवशी काकूंनी दोन तुकडे खाल्ले. पुढच्या शनिवारी त्यांनी आपणहून वाटी भरून ठेवली. रविवारी सकाळी उठल्याच नाहीत.

ती भरलेली वाटी काकांनी तशीच डब्यात ठेवली. काट्यावर एकदाही चढवली नाही. विचारलं की म्हणायचे, "करू की वजन. घाई काय आहे?" मग मी विचारणं सोडलं.

यंदा काकाही गेले. मुलगा घर आवरायला आला. मी मदतीला गेले, तर वाटी घासून ओट्यावर पालथी घातलेली.

"मैद्यात अळ्या झाल्या होत्या. टाकला," तो म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत. मला मात्र रडू आवरेना.

"हा काटा तरी तुम्ही घ्या, ताई. चालतो का बघू." त्याने वाटी काट्यावर ठेवली आणि बटण दाबलं. आकडा शून्यावर येऊन थांबला.