ताईच्या प्रकल्पाला यायचं हं!

मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ माझं छपाईचं दुकान आहे, आणि मी छापलेल्या पत्रिकांवरची सगळी लग्नं अजून टिकून आहेत. मजकूरही मीच लिहितो. (लग्नं टिकण्याचं श्रेय मी एकटा घेत नाही, नवरा-बायकोचाही थोडाफार हातभार असतोच.) त्यामुळे आमच्या घरात लिहिणारा माणूस म्हणजे मी, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. कॉलेजवाल्यांनी मध्येच एक नवा कक्ष सुरू करेपर्यंत!

माझी पुतणी प्रज्ञा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला एक प्रकल्प लिहायचा होता. तो वेळेत जमा झाला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं, आणि आमच्या घराण्यात इतकी शिकलेली ती पहिलीच. कॉलेजात लायब्ररीशेजारच्या खोलीत 'लेखन साहाय्य कक्ष' सुरू झाला होता. तिथं एक मॅडम बसायच्या. मुलांनी आपलं लिखाण घेऊन जायचं, मॅडम ते वाचायच्या आणि प्रश्न विचारायच्या.

"आणि मग लिहून देतात?" मी विचारलं.

"नाय. लिवायचं आपणच."

"म्हणजे नुसतं विचारतात? अगो, तेवढं तर तुझी काकीपण दिवसभर करते!"

प्रज्ञानं मनावर घेतलं नाही. विषयही तिनं मला न विचारताच ठरवला होता: टोकावड्याच्या रस्त्यावर ढाब्यांत भाकऱ्या थापणाऱ्या बायका. आमची वहिनी, म्हणजे प्रज्ञाची आई, कित्येक वर्षं तेच काम करते. (भाकरीवर लिहायचं काय? भाकरी खायची!) सगळा हिवाळा पोरगी मॅडमच्या खोलीत जाऊन बसली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. जमा करायच्या आदल्या दिवशी तिनं पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला.

"काका, नुसतं छापा आणि बाइंडिंग करा. मजकुराला हात लावू नका."

"मी कशाला हात लावतोय गो?" मी म्हणालो, आणि ती रस्ता ओलांडायच्या आत हात लावला.

पहिल्याच पानावर ऋणनिर्देश होता. तीन ओळींचा! मॅडमचे आभार, ढाब्यावरच्या बायकांचे आभार, आईचे आभार, संपलं. मला घाम फुटला. आमच्याकडं छापील कागदावर नाव नसलं, तर माणूस जेवत नाही. एका पत्रिकेत नवरीच्या धाकट्या मामाचं नाव राहून गेलं, तर तो अख्खं लग्न मांडवाबाहेर मोटरसायकलवर बसून होता. हेल्मेट घालून!

मी भावाला फोन लावला. "दादा, पोरीच्या प्रकल्पात नावं कुणाकुणाची घेऊ?"

"आत्या पयली टाक. मागच्या पत्रिकेत खाली गेली व्हती, अजून धड बोलत नाय."

आत्या वर घेतली, तर खर्डीचे मामा खाली गेले. दोघांना एका ओळीत घेतलं, तर आत्याचे यजमान कुठं बसवायचे ते कळेना. तेवढ्यात वहिनीच्या ढाब्याचे मालक बॅनर न्यायला आले.

"माझ्या ढाब्यावर लिवलंय आणि माझा फोटो नाय?"

फोटो टाकला. गॉगल लावलेला, हात जोडलेला. खाली त्यांच्या आग्रहाखातर 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था'. 'आई' ही ओळ मात्र काढली. वहिनी घरचीच, ती थोडीच रुसणार? एव्हाना हात चांगला चालू लागला होता. शेवटी घरातल्या चिल्यापिल्यांची नावं घातली आणि सवयीनं खाली लिहिलं, 'आमच्या ताईच्या प्रकल्पाला यायचं हं!'

आता पानं इतकी झाली की काळं कव्हर पुरेना. काहीतरी काढणं भाग होतं. प्रकल्पाच्या शेवटी मुलाखती होत्या. त्यात नुसत्या बायका बोलत होत्या, तेही घरी बोलतात तसं, एक वाक्य सजवलेलं नाही. छापलेली ती पानं मी टेबलाखाली रद्दीत टाकली.

सकाळी प्रज्ञा घाईघाईत आली, कव्हरवरची सोनेरी अक्षरं बघून खूश झाली आणि न उघडताच पळाली. कौतुक ऐकायला मीही मागोमाग मॅडमच्या खोलीत गेलो.

मॅडमनी पानं उलटली. गॉगलपाशी थांबल्या. आणखी उलटली.

"प्रज्ञा, प्रकल्प कुठून सुरू होतो?"

प्रज्ञा वाकून पानं बघू लागली. मी मदतीला धावलो. "शुभेच्छुकांनंतर लगेच, मॅडम!"

मॅडम माझ्याकडं वळल्या. शांत बाई. "काका, हे वाचणार कोण?"

"नातेवाईक."

"आणि तपासणार कोण?"

(हा प्रश्न मला आजवर कुठल्याच वरपक्षानं विचारला नव्हता!)

प्रज्ञा मागची पानं चाळत होती. "काका, मुलाखती कुठंयत?"

"जागा नव्हती गो."

"आई पयल्यांदा बोललीय त्यात. तिच्यासाठीच तर सगळं लिवलंय मी." तिचे डोळे भरून आले. मला मनापासून लाज वाटली. इतक्या मोठ्या घरात हे पोरगं एकटंच इथवर आलं होतं, आणि त्याच्या वाटेत मी मांडव घातला होता.

"ऑफिस बंद व्हायच्या आत आणलंत तर जमा होईल," मॅडम म्हणाल्या. "आणि काका, यावेळी काही सुचलं तरी लिहू नका."

दुकानात आलो, तर लाइट गेलेली! आम्ही ब्लेडनं बाइंडिंग फाडलं, आत्या-मामांना बाजूला केलं आणि रद्दीतली पानं बाहेर ओढली. एकावर चहाचा गोल डाग पडला होता, बाकी ठीक. दारातल्या उजेडात ती क्रमानं लावता लावता मी वहिनीची मुलाखत वाचली.

'गिऱ्हाईक म्हंतं, भाकरी झकास झाली. पण ते मालकाला सांगतं. मी आत चुलीपाशी असते. मला येऊन कोणी सांगत नाय.'

गॉगलवाल्या मालकांचा फोटो माझ्या पायाशीच पडला होता. वहिनीच्या हातच्या भाकऱ्या मी इतकी वर्षं खातोय. एकदाही काही बोलल्याचं मला आठवेना.

ऋणनिर्देश प्रज्ञानं हातानं लिहिला. तीन ओळींचा. मी हातानं फिरवायचं मशीन फिरवून स्पायरल घातलं. क्लार्क कपाटाला कुलूप लावत असताना आम्ही पोचलो, आणि प्रकल्प जमा झाला. पुढं तो पासही झाला, आणि वहिनीची मुलाखत मॅडमनी वर्गात वाचून दाखवली.

इकडं नाव गळाल्याचं कळल्यावर आत्यानं माझ्याशी बोलणंच टाकलं. मामा फोन उचलत नाहीत. ढाब्याचे मालक हल्ली बॅनर शहापुरात छापून घेतात.

निकालाच्या संध्याकाळी भावाकडं जेवायला गेलो. वहिनीनं तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात वाढली आणि तिथंच समोर बसली.

"खावा भावजी. आणि कशी झालीय ते आज मला सांगा."

मी घास खाल्ला. भाकरी अप्रतिम होती. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून उभा राहिलो आणि घसा खाकरला. "सर्वप्रथम, आजच्या या मंगल प्रसंगी आवर्जून उपस्थित राहिलेले..."

उपस्थितांची नावं घेऊन होईपर्यंत वहिनीनं माझी भाकरी उचलून प्रज्ञाच्या ताटात टाकली होती.