मी मागे घेतलेलं पत्रक

‘पोरांच्या हातात बंदुका कोणी दिल्या?’ असा लाल मथळा असलेलं पत्रक पिंप्राळ्यात घरोघरी गेलं, ते मी लिहिलं होतं. अर्ध्या तासात. मोबाईलवर चौघांनी टोळी करून खेळायचे गोळीबाराचे गेम मुलांना खुनशी बनवतात, असं त्यात ठासून म्हटलं होतं. तसला एकही गेम मी आयुष्यात खेळले नव्हते. पत्रक लिहायला ते लागतही नाही.

आमच्या संघटनेच्या भाऊंनी मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पत्रकं लिहायला शिकवलं. मथळ्यात प्रश्न विचार. तिसऱ्या ओळीत जवळचं, खरं उदाहरण घाल, ठिकाणासकट. दुसऱ्या गावचं कोणी वाचत नाही. मी घातलं. वाचनालयाच्या जिन्यात उभी असताना वरच्या हॉलमधून एका मुलीचं ओरडणं ऐकलं होतं, ‘मार त्याले, सोडू नको!’ ते जसंच्या तसं छापलं आणि पुढे लिहिलं, ‘पिंप्राळ्यातली नववीची मुलगी, वाचनालयाच्या हॉलमध्ये.’ नाव टाकलं नाही, म्हणजे मी केवढी जबाबदार! त्या हॉलमध्ये नववीची मुलगी एकच जात होती.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी संघटनेच्या ऑफिसात आली. पत्रकाच्या चार घड्या करून मुठीत धरलेल्या.

“ताई, हे तुम्ही लिहिलं?”

“हो.”

“मावशीने घरी फोन केला. नाना रविवारी मला न्यायला येताहेत.”

नाना म्हणजे तिचे वडील. एरंडोलजवळच्या गावात त्यांची पिठाची गिरणी. गावातली शाळा सातवीला संपते, म्हणून ही पिंप्राळ्यात मावशीकडे राहून शिकत होती. परत गेली की शिक्षण संपलं, हे तिने सांगितलंही नाही. मला ते कळत होतं.

तरी मी म्हणाले, “पण तू तसं ओरडलीस की नाही?”

“ओरडले ना. तुम्ही जिन्यात होता? मग अजून आठ पायऱ्या चढायच्या होत्या.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या आठ पायऱ्या चढले. हॉलमध्ये सतरंजीवर चौघं बसली होती, ती आणि तिच्याच शाळेतली तीन मुलं. मला मध्ये बसवलं आणि पहिल्यापासून शिकवलं. गोळी लागली की खेळाडू लगेच मरत नाही, गुडघ्यावर पडतो. जोडीदाराने येऊन शेजारी बसायचं आणि त्याला उठवायचं. त्याला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ उठवणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही. त्या दिवशी एक जण पडला होता, ही त्याला उठवायला बसली होती आणि समोरून शत्रू चालून येत होता. ‘मार त्याले’ हे तिसऱ्या मुलाला होतं. मी पुरावा म्हणून छापलेलं वाक्य ते हे.

आणखी एक गोष्ट कळली आणि माझं डोकं फिरलं. सुरुवातीला ती अनोळखी लोकांबरोबर खेळायची. माइकवरचा आवाज मुलीचा आहे हे कळल्यावर त्या मोठ्या बाप्यांनी हिंदीतून जे ऐकवलं, ते मी कुठल्याही पत्रकात छापू शकत नाही. तिने तक्रारीचं बटण दाबलं, काही झालं नाही. मग तिने बोलणंच बंद केलं. या तिघांनी काय करावं? त्यांनी अनोळखी आवाज बंद केले आणि नियम काढला: माइकवर गावचीच बोली, आणि प्रत्येकाला घरच्यासारखी हाक. एक भाऊ, एक आबा, एक काका. ही सगळ्यात लहान, म्हणून ही अक्का!

“शिवी तोंडात येते ना ताई,” आबा झालेला मुलगा म्हणाला, “पण आधी ‘अक्का’ म्हणावं लागतं. मग पुढचं निघतच नाही.”

संघटनेच्या कुठल्या शिबिरात हे सुचलं होतं आम्हाला?

मी ऑफिसात संघटनेच्या भाऊंकडे गेले. म्हटलं, पत्रक मागे घ्यायचं.

“पत्रक मागे घेत नसतात,” भाऊ म्हणाले. “लोक हसतील.”

“हसू द्या. पोरीची शाळा सुटतेय.”

“एका पोरीसाठी सगळी मोहीम सोडायची?”

“मोहीम कोणासाठी होती, भाऊ?”

“गेमवाल्यांनी तुला फोन-बिन दिला वाटतं नवा!”

“माझा फोन फुटका आहे, तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच मोर्च्यात फुटला.”

भाऊंनी ऑफिसची किल्ली मागितली. मी टेबलावर ठेवली.

दुसरं पत्रक मी हाताने लिहून झेरॉक्स केलं. लाल शाई नव्हती. मथळा असा: ‘मागच्या पत्रकातलं उदाहरण खोटं होतं. ते मी लिहिलं होतं.’ खाली माझं पूर्ण नाव. मग लिहिलं की गेम काही देवघर नाही. वयाची अट आहे, ती पाळा. पण पोराला खोलीत एकट्याने परक्यांच्या तोंडी देता आणि वर गेमला शिव्या घालता, हा कुठला न्याय? शेजारी बसा. ओळखीच्यांचीच टोळी करू द्या. माइकवर कोण बोलतंय ते ऐका. आणि गेम काढणाऱ्या कंपन्यांनो, शिवीगाळ करणाऱ्याला हाकला. नुसतं बटण देऊन हात झटकू नका. पहिलं पत्रक जिथे-जिथे टाकलं होतं, त्या प्रत्येक दारात हे माझ्या हाताने टाकलं. दोन ठिकाणी माझ्यासमोरच चुरगाळलं. टाकत राहिले.

रविवारी सकाळी नाना आले. खांद्यावर मोठी पिशवी, तिचे कपडे भरायला. पिशवीत मावशीसाठी ज्वारी-उडदाचं, कळण्याचं पीठ. मी त्यांना मावशीच्या दारातच गाठलं आणि हॉलवर चला म्हणाले. ते आले, पण सतरंजीवर बसले नाहीत.

“हाई काय शे?” त्यांनी लेकीच्या मागे उभं राहून विचारलं.

“देखा ना, नाना.”

खेळ सुरू झाला. शेवटाला दोनच टोळ्या उरल्या. ही चौघं पुढे पळत असताना काका पडला. एकटी लपून राहिली असती तर कदाचित जिंकली असती. ती वळली.

“काका मांगे पडेल शे! बठ्ठा थांबा, मी उचलस!”

सगळ्यांना थांबवून ती त्याच्याशेजारी बसली, बाकीचे दोघे आडवे आले, आणि समोरच्यांनी चौघांनाही टिपलं.

“हारी ग्यात ना मंग?” नाना म्हणाले.

“हो. पण बठ्ठा संगेच हारनूत.”

नाना माझ्याकडे वळले. “ते कागद तुम्हीच लिखं?”

“दोन्ही मीच.”

“लिखता येस तुमले. देखता नही येत.”

नानांनी अट घातली: फक्त रविवार, आणि हॉलमध्ये कोणीतरी मोठं माणूस हवं. कोण बसेल? मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

त्यांनी पीठ मावशीला दिलं, रिकाम्या पिशवीची घडी करून काखेत घेतली आणि एकटेच रिक्षात बसले.

ती आता दहावीत आहे. मी अजूनही दर रविवारी हॉलमध्ये बसते. भाऊंची माणसं जिन्याखालून ओरडतात, “काय ताई, किती मारले आज?” मी खिडकीतून सांगते, “वर या, मोजा. आठच पायऱ्या आहेत.” एकही चढत नाही. अलीकडे मुलं मलाही खेळायला घेतात. मी सगळ्यांच्या आधी पडते. अक्का परत येऊन मला उठवते, मीच तिच्यावर पत्रक काढलं होतं तरी.