खोक्यावर लिहून देणारा

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मोर्शीच्या संत्रा बागायतदारांना कळलं की आपण फसवले गेलो. रोपवाटिकेनं चुकीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, बांधलेली कलमं विकली होती, म्हणून पाच वर्षं जोपासलेली झाडं वाळली.

त्यांच्या साक्षींची फिल्म मला जोडायची होती. त्यासाठी लागणारं एडिटिंगचं सॉफ्टवेअर एकाच महागड्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालायचं. अकोल्यातला एक मेकॅनिक मात्र कंपनीला न विचारता ते साध्या मशीनवर चालवून द्यायचा.

मी विकत नेलेला चकचकीत मदरबोर्ड त्यानं चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरला.

"हा नाई जमत, भाऊ."

"काहून? सगळ्यात महाग आहे!"

"महाग हाये म्हणून सिस्टीम त्याले सलाम करन का?"

त्यानं फळीवरून दुसरा, साधा बोर्ड काढला आणि पैशाआधी पेन उचलून खोक्यावर लिहिलं, 'वायफाय चालणार नाही. अपडेट करू नये.' खाली सही केली.

"जे चालत नाई ते आताच सांगून राहिलो. मंग शिव्या नका देऊ."

कंपनीच्या लेखी हा चोर, आणि तो रोपवाटिकावाला सरकारी परवानाधारक! फिल्म त्याच मशीनवर पुरी झाली.

तुम्ही रोप घ्याल तेव्हा खुंटाचं नाव पावतीवर सहीनिशी मागा. देत नसेल, तर रोप तिथंच ठेवा.