भिंगरीच्या हातून सुटलेले पास

भिंगरीला लहानपणापासून सगळे भिंगरीच म्हणत. पाय एका जागी ठरतील तर शपथ! दिवसा ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. तिथेही एका हाताने फळीवरची बाटली काढायची आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायची. बाटली कधी निसटली नाही.

संध्याकाळी मात्र ती बायकांच्या बास्केटबॉल संघाची पॉइंट गार्ड. पॉइंट गार्ड म्हणजे काय ते तिच्या सासूबाईंनी एकदा शेजारणीला फोड करून सांगितलं होतं, "अहो, जेवायला वाढणारी असते ना, तशी. कोणाचं ताट रिकामं आहे ते बघायचं आणि नेमकं त्याच्याच पुढ्यात टाकायचं. स्वतः बसायचं सगळ्यांच्या शेवटी. घरात मात्र हिचं उलटं, पहिली बसते!"

पण गुडघा कुरकुरायला लागला. जिना उतरताना आधी गुडघ्याचा आवाज खाली पोचायचा, मग भिंगरी. कोच सरांनी यंदा नवी पॉइंट गार्ड घ्यायचं ठरवलं आणि दोन मुलींना बोलावलं. करार एकीशीच होणार होता.

पहिली इतकी उंच की सगळ्याजणी तिला लगेच शिडी म्हणायला लागल्या. चेंडू हातात आला की तिला बाकीच्या दिसायच्याच नाहीत. आपणच पळायची, आपणच उडी मारायची आणि टाळ्याही मिळवायची. दुसरी बुटकी, खालमानेची. विचारलं तेवढंच बोलायची. तिचं नाव पडलं गुपचूप.

सर भिंगरीला म्हणाले, "दोघींबरोबर एकेक डाव खेळ. तुझ्यासारखे हात दुसऱ्या कोणाचे नाहीत. तुला झेलता आला तो पास चांगला, तुझ्याही हातून सुटला तो वाईट. मला बाकी काही बघायचं नाही."

भिंगरीने मान डोलावली, पण मनात वेगळंच शिजत होतं. शिडी आली तर वाढणारी कोणीतरी लागणारच, म्हणजे आपली जागा राहिली. गुपचूप आली तर आपण बाकावर, पाण्याच्या बाटल्या राखत.

शिडीने टाकले ते दोन-चार पास वेडेवाकडेच होते. भिंगरीने गुडघ्याची पर्वा न करता उड्या मारून ते झेलले.

मग गुपचूपचा डाव सुरू झाला. पहिलाच पास असा आला की भिंगरी अजून वळतही नव्हती, आणि वळली तेव्हा चेंडू छातीपाशी हजर! बास्केट सहज झाली. बाकावरच्या ओरडल्या, "वा!" भिंगरीला मात्र आठवलं, आपण तरुणपणी असेच पास टाकायचो.

पुढच्या पासला तिची बोटं जराशी उशिरा उघडली, एवढंच. चेंडू नखांना लागून बाहेर गेला. त्याच्या पुढचाही. वर ती ओरडली, "अगं, हळू टाक की! दगड मारतेस का?"

"चुकलं, ताई," गुपचूप म्हणाली.

डाव संपल्यावर सरांनी भिंगरीला आपल्या खोलीत बोलावलं. खोलीला रबराचा आणि मलमाचा वास. "पोरीला नजर आहे गं, पण हात जड. तुझ्याही हातून सुटले म्हणजे प्रश्नच मिटला. शिडीलाच घेऊ या?"

"हो," भिंगरी म्हणाली.

पिशवी उचलून ती मागच्या दाराने निघाली, तर भिंतीवर काहीतरी धप्‌ धप्‌ आपटत होतं. गुपचूप चेंडू टाकत होती. चेंडू पाणी न मिळालेल्या रोपासारखा मान टाकत भिंतीपर्यंत कसाबसा पोचत होता.

"हे काय चाललंय?"

"हळू टाकायची सवय करतेय, ताई. तुम्ही म्हणालात ना. दुसरीकडे कोणी बोलावलं तर तिथे तरी चुकायला नको."

भिंगरीचे कान तापले. एवढा देखणा हात, आणि पोर तो स्वतःच बिघडवत बसली होती! ती आल्या पावली आत गेली. सर खोलीला कुलूप लावत होते.

"सर, तिचे पास बरोबर होते. मीच सोडले."

"का?"

"तुम्हाला कळतंय की."

सरांनी किल्ली हातातल्या हातात फिरवली. "इतक्या वर्षांत तुझ्या हातांवर मी कधी शंका घेतली नाही," ते म्हणाले, "म्हणून त्या पोरीवर घेतली." भिंगरीला वाटलं, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "करार तिच्याशीच होईल. पण काय झालं ते तिला तू सांगायचंस."

"हो," भिंगरी पुन्हा म्हणाली. पण बाहेर येऊन बघते तर पोर निघून गेली होती.

घरी सासूबाईंनी ताट वाढलं. "आज पहिली बसली नाहीस? अंग मोडून आलंय का?"

"भूक नाही, आई."

दुसऱ्या दिवशी सांगायचं राहिलं. करार झाला, पोर आनंदात होती, तिला आता कशाला, असं म्हणून तेव्हाही राहिलं. मग राहतच गेलं. भिंगरी बाकावर बसायला लागली. सराव असला की तेवढी खेळायची. गुपचूपचे पास सगळ्यांना सणसणत जायचे. भिंगरीकडे वळला की मात्र चेंडू अलगद, उशीवर ठेवावा तसा यायचा.

एक दिवस एकीने चिडवलं, "काय गं गुपचूप, आम्हाला तोफगोळे आणि भिंगरीला कापूस?"

"ताईंना जोरात झेपत नाही," गुपचूप साधेपणाने म्हणाली. "हात दुखावले तर?"

सगळ्या हसल्या. भिंगरीने चेंडू पोटाशी धरला. तिला वर बघवेना.

"झेपतो," ती म्हणाली. "त्या दिवशीही झेपत होता. मी मुद्दाम सोडले गं. तू यायला नको होतीस मला."

हसू जागच्या जागी विरलं. गुपचूपने तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या दाराबाहेरच्या त्या भिंतीच्या बाजूला पाहिलं. पुढे होऊन तिच्या हातून चेंडू काढून घेतला, चार पावलं मागे गेली आणि टाकला.

असा आला की भिंगरीचे दोन्ही तळवे पेटले. पण सुटला नाही. तिने हात चोळलेही नाहीत.

गुपचूपने हात पुढे केले. "द्या परत," ती म्हणाली. ताई मात्र म्हणाली नाही.