बोटवाल्या पिराजीचा कर

मुरगूडच्या एका गल्लीत बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, कर बांधायचा मान लढाई बघितलेल्या माणसाचा असे. गल्लीच्या तोंडाला दोन खांबांमध्ये दोरी ताणायची, तिला लिंबाचे डहाळे लावायचे आणि शिंगं रंगवलेल्या बैलानं धावत येऊन ती तोडायची, हा तो कर. गुंडूनं हा मान वीस-बावीस वर्षं मिरवला. त्याच्या धाकट्या भावाला, पिराजीला, एकदाही कुणी बोलावलं नाही. पिराजीही एकाहत्तरच्या लढाईत होता, पण तो होता समुद्रात. समुद्रातली लढाई गल्ली लढाईत धरत नव्हती.

गुंडू तेव्हा सरहद्दीवर खंदकात बसला होता आणि पिराजी नौदलाच्या एका जहाजावर, तळाच्या बॉयलरपुढं. आपल्या बोटींनी कराचीवर चढाई केली, तेलाच्या टाक्या पेटवल्या, त्या वेळी पिराजीनं जाळ पाहिला तो फक्त आपल्या बॉयलरचा. वर काय झालं ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. सुट्टीवर आल्यावर हे जसंच्या तसं सांगायचा भोळेपणा त्यानं केला आणि गल्लीनं त्याचं नाव ‘बोटवाला’ ठेवून टाकलं. गुंडू तर भर पंगतीत विचारायचा, “काय रं, मासं किती धरलंस?” पिराजी हसण्यावारी न्यायचा. पण ते त्याला लागायचं.

नोकरी संपवून तो गावी आला आणि गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचं काम धरलं. बॉयलर सुटला, चुलवाण मिळालं. सगळी माणसं वर रसाच्या काहिलीपाशी गूळ काढणाऱ्या गुळव्याचं कौतुक करत उभी राहायची आणि हा खाली खड्ड्यात उसाची वाळकी चिपाडं सारत बसलेला.

नव्व्याण्णव साली कारगिलची लढाई पेटली, तेव्हा गुंडूला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचा एकुलता एक मुलगा कृष्णात पायदळात होता आणि त्याची पलटण द्रासच्या डोंगरांकडं गेली होती. घरात त्याची आई धोंडुबाई एकटीच. तिनं जेवण जवळपास सोडलं. रेडिओच्या बातम्या लागल्या की पदराचं टोक तोंडात धरून बसायची, आणि जिल्ह्यातल्या कुणा जवानाचं नाव आलं की तिथंच भिंतीला टेकायची.

पिराजी रोज दिवे लागायच्या सुमारास पेपर घेऊन तिच्या सोप्यात यायचा. एके दिवशी त्याला आतल्या पानावर चार ओळींची बातमी दिसली. पूर्वेकडच्या समुद्रातली आपली लढाऊ जहाजंही अरबी समुद्रात सरावाला आली होती. पिराजीनं ती दोनदा वाचली आणि तडक गणपतरावाचा एसटीडी बूथ गाठला. तिथं गल्लीतली मंडळी लढाईवरच बोलत होती.

“आता लढाई लांबत न्हाय,” तो म्हणाला. “आपली जहाजं कराचीच्या वाटंवर गोळा झाल्यात.”

गणपतराव खो खो हसला. “आरं बोटवाल्या, लढाई डोंगरावर चाललीया. तिथं काय बोट चढवणार हाईस?”

सगळे हसले. पिराजीचं तोंड एवढंसं झालं. तो परत येऊन धोंडुबाईच्या उंबऱ्यातच बसला आणि झालं ते तिला सांगितलं. धोंडुबाईनं मात्र विचारलं, “भावजी, खरंच काय हाय त्यात? मला कळंल असं सांगा.”

“वैनी, त्या वर्साचं गुऱ्हाळ आठवतंय? अवकाळीनं चिपाडं भिजली ते?”

आठवायला काय हवं होतं? तिचाच ऊस होता तो. रस काहिलीत ओतलेला, पंचक्रोशीतला नावाजलेला गुळव्या उभा, माणसं उभी, पण जाळच नाही. रस आंबला आणि शेवटी ओढ्याला सोडावा लागला.

“त्यांचं तेल बोटीनं येतंय, कराचीला. तेल न्हाय तर गाडी न्हाय, गाडी न्हाय तर डोंगरावर रसद न्हाय. आपण नुसतं वाटंत उभं ऱ्हायलो तरी त्यांना धास्ती, ही वाट मिटली तर फुडं काय! डोंगर आपली पोरंच चढणार. पण मोठी लढाई करायची तर त्यांस्नी धा येळा इचार करावा लागंल.”

धोंडुबाईनं उठून भाकरी कुस्करून घेतली आणि दुधात कालवून चार घास खाल्ले. ते बघून पिराजीला इतकं बरं वाटलं की तो नको ते बोलून गेला, “बेंदराला लढाई संपलेली आसंल वैनी, आन् कृष्णाताचा फोन येतोय बघा.”

घरी येऊन त्यानं स्वतःलाच शिव्या घातल्या. जहाजांनी लढाई आखूड होते, पण एका पोराच्या छातीकडं येणारी गोळी काही जहाजानं अडत नाही, हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? पोराचं काही बरंवाईट झालं तर वहिनीला तोंड कसं दाखवायचं? त्या दिवसापासून त्याचंही जेवण तुटलं.

जुलैच्या मध्याला शत्रू मागं हटत असल्याच्या बातम्या आल्या. गल्लीत साखर वाटली. कृष्णाताचा मात्र पत्ता नाही. आठ दिवस गेले, दहा गेले. धोंडुबाई दिवसभर दाराकडं बघत बसायची. पिराजीला ते बघवेना.

बेंदराच्या आदल्या दिवशी दुपारी गणपतराव चप्पल न घालताच बोळातून ओरडत आला, “वैनी! कृष्णाताचा फोन! चला लवकर, परत लावतोय म्हणालाय!”

धोंडुबाई बूथवर पोचली, पण रिसीव्हर हातात घेऊन नुसती रडतच राहिली. शेवटी पिराजीनं तो कानाला लावला. “तात्या,” पलीकडून कृष्णात म्हणाला, “पायाला जरा लागलंय, बाकी धड हाय. आईला सांगा, पुढच्या महिन्यात येतोय.” पिराजीला हुंदका आवरेना. दोघंही गणपतरावाच्या बाकड्यावर बसून मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी बैल सजले, हलगी वाजू लागली. कर बांधायची दोरी घेऊन कुणी माजी फौजी पुढं व्हायच्या आत धोंडुबाईनं ती काढून घेतली आणि पिराजीच्या हातात दिली.

“औंदा कर भावजी बांधतील,” ती मोठ्यानं म्हणाली. “लढाई बघितल्याली माणसं हायती ती.”

पिराजीनं दोरी ओढून बघितली. भलतीच तकलादू वाटली, म्हणून दुहेरी केली आणि दोन्ही खांबांना जहाजावरच्या सवयीनं गाठी मारल्या. कर तुटायचा असतो, हे तो आनंदाच्या भरात साफ विसरला.

बैल धावत आला, दोरी छातीला लागली, पण तुटेना. बैलानं डोळे वटारून पुन्हा जोर लावला. तेव्हा दोन्ही खांबच बुडासकट उखडले, आणि खांब, डहाळे, दोरी सगळं गळ्यात घेऊन बैल बाजाराच्या दिशेनं पळत सुटला. गाठी जशाच्या तशा. पिराजी तोंड उघडं टाकून बघत राहिला.

आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा धोंडुबाई हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“भावजी,” ती कशीबशी म्हणाली, “तुमच्या बोटवाल्यांनी बी त्या कराचीच्या बंदराला असलीच गाठ मारली हुती व्हय?”