उलटीकडून वाचलेलं कॉमिक

नांदेडात विलायती कॉमिक्स माझ्याइतकी कुणीच वाचलेली न्हाईत. इंग्रजीचं एक अक्षर येत न्हाई ते सोडा, मराठीत सही करायची म्हनली तरी माझी जीभ बाहेर येते.

माझं रद्दीचं दुकान हाय. एकदा एका बंगल्यातून जुन्या कॉमिक्सचं पोतं आलं. सगळ्यांत एकच मामला. कॉलेजातलं एक येडं पोरगं अन् त्याच्या भवती दोन पोरी, एक पिवळ्या केसांची, एक काळ्या. दुसरं पुस्तक उघडावं तर तेच पोरगं, नाक तेवढं लांब. तिसऱ्यात तेच, टोपी घातलेलं. मला वाटलं भाऊ-भाऊ असतील, लई मोठं खानदान. शेजारचा घड्याळजी हसला. म्हनला, "एक चल गया तो बाकी सब उसकी नक्कल मारे रे."

घड्याळजी शिकलेला माणूस, उर्दू फडाफडा वाचतो. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतंय, म्हनून त्यानं हेबी तसंच उघडलं, शेवटचं पान पहिलं धरून. मीबी त्याच्या मागं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं चित्रं बघून खिदळत बसायचो. आमच्या वाचनात ते पोरगं दर गोष्टीत आधी मार खायचं, चिखलात पडायचं, अन् शेवटी दोन पोरींच्या मधी हसत चालायचं. लई आशा लावणाऱ्या गोष्टी.

त्याच आशेवर मी लातूरला गेलो. झालं असं, पाहुण्यांसमोर मी बायकोच्या भाकरीला ढाल म्हनलो. पाहुणे हसले, मला चेव आला, मंग भाकर छातीला लावून लढाईबी करून दाखवली. ती तडक भावाकडं, लातूरला. फोन उचलेना. म्हनून एक कॉमिक पिशवीत घातलं अन् एस्टी धरली. हसली तर येईल, न्हाईतर भाकरी मलाच थापाव्या लागतील, अन् माझ्या भाकरीला ढालबी म्हनता येत न्हाई.

बैठकीत सगळे बसलेले. मेव्हणा म्हनला, "दाजी, माफी मागायला आलात का पुस्तकं विकायला?"

"माफी ह्याच्यातच हाय," म्हनलो अन् बायकोपुढं कॉमिक उघडलं. "हे बघ, ह्याला पोरींनी हौदात ढकललं. इथं त्या तणतण करून राहिल्या. अन् इथं बघ, सगळं इसरून त्याचा हात धरून चालल्या. विलायतेच्या पोरी इसरतेत, तर तू..."

बायको चित्राकडं बघत होती. मला वाटलं जमलं. तेवढ्यात मेव्हण्याच्या कॉलेजवाल्या पोरीनं पुस्तक घेतलं अन् फिरवलं.

"मामा, हे इकडून वाचायचं. आधी हा दोघींनाबी गोड बोलून फिरवतो. मंग त्यांना कळतंय. शेवटी दोघी मिळून ह्याला हौदात ढकलतेत अन् निघून जातेत."

मी पुस्तक परत घेऊन बंद केलं, तेबी उलटं. मेव्हण्याला खोकला आला. मंग बायकोचा पदर तोंडावर गेला, खांदे हलायले, अन् ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी. मला वाटलं बाजी मारली.

"मंग, भरू का तुझी पिशवी?"

"माझी मी भरते," ती डोळे पुसत म्हनली. "पुस्तक निदान दुसरीकडून उघडलं की नीट लागतंय. तुम्हाला कुठूनबी उघडा, येडेच."